हाताने केलेले, असा शिक्का
१८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांना नाताळच्या पत्रांना उत्तरं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी हजारभर कार्डं छापून घेतली. कामचुकारपणाला आलेलं हे गोड फळ. आता गंगा उलटी वाहते. छापील कार्ड हाताशी असताना तिकडची हौशी मंडळी रात्री जागून कोऱ्या कार्डांवर रबरी शिक्के उठवतात. ओल्या शाईवर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जादाची झटकायची, हीट गननं तापवायची. अक्षरं सोनेरी फुगतात आणि सांडलेली चमचम पुढल्या नाताळापर्यंत गालिच्यात सापडते. कार्डामागे ‘हाताने केलेले’ हाही शिक्काच, विकतचा, सगळ्या कार्डांवर हुबेहूब! आतल्या शुभेच्छाही शिक्क्याच्याच. तेव्हा मंडळी, निदान सही तरी पेनानं करा.