क्लचप्लेट!

लोणंदात गाडी बिघडायला हरकत नाही, फक्त ती चारचौघांत बिघडू नये. स्टेशन रोडला किंवा बाजार समितीच्या गेटाशी बॉनेट वर गेलं, की चहावाल्याच्या आधी अण्णा पोचतात. अण्णा हा कुणी एकच माणूस आहे असं समजू नका. शिरवळला त्यांना भाऊ म्हणतात, फलटणला तात्या, आणि नीरेचा पूल ओलांडला की आबा. लेंगा, बाह्या दुमडलेला पांढरा सदरा आणि हातात पान्हा. पान्हा नेहमी दुसऱ्याचा.

अण्णा आधी काही बोलत नाहीत. डोळे मिटून इंजिन ऐकतात. मग "बंद कर" म्हणतात. मग "आता चालू कर" म्हणतात. या दोन आज्ञांमधून त्यांना नेमकं काय कळतं हे आजवर कुणी विचारलेलं नाही, कारण तोवर निकाल लागलेला असतो : "क्लचप्लेट गेलीय."

हे सगळंच थोतांड आहे असंही म्हणता येणार नाही. अण्णांची उमेदवारी कांद्याच्या ट्रकवर झाली. क्लीनर म्हणून चढले, ड्रायव्हर होऊन उतरले. जुन्या ट्रकांचा गिअर आजच्यासारखा बोटानं पडत नसे. एकदा क्लच दाबून न्यूट्रल करायचा, रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मगच खालचा गिअर घ्यायचा. वेळ चुकली तर दात करकरणार आणि मागे लोडावर बसलेला व्यापारी आई-बाप काढणार. खंबाटकीत रात्री वीस पोती जास्तीची भरून ज्यानं हे केलंय, त्याच्या कानाला गिअरबॉक्स कळतोच. पुढं 1984 साली मारुतीची व्हॅन आली, तिचे चार गिअर अण्णांनी पहिल्याच दिवशी पाठ केले. त्यांचं ज्ञान तिथवर ताजं होतं. अडचण एवढीच, की कान तोच राहिला आणि गाड्या बदलल्या.

आमच्या इथल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्यानं, आपण त्यांना शेठ म्हणू, पुण्याहून एक जुनी ऑटोमॅटिक व्हॅन आणली. कारण साधं होतं. शेठचा डावा गुडघा क्लच दाबायला नाही म्हणत होता. डाव्या पायाला सुट्टी देण्याची ही युक्ती काही नवी नव्हे. जनरल मोटर्सनं 1940 च्या ओल्डस्मोबिलला 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स देऊन क्लचचं पायडलच काढून टाकलं होतं. लोणंदला ती बातमी शेठच्या गुडघ्यामार्फत पोचली.

व्हॅन चार महिने चांगली चालली. मग सकाळी 'डी'मध्ये टाकली, की ती जरा विचार करायची आणि एकदम धप्प करून निघायची. सालपे घाटात तर इंजिन ओरडायचं, काटा वर जायचा आणि गाडी होती तिथंच. एका गुरुवारी, म्हणजे ऐन बाजारात, ती गेटाशी अडली. अण्णा आलेच.

"बंद कर. आता चालू कर." डोळे मिटले. उघडले. "क्लचप्लेट."

"अण्णा, हिला क्लच नाही," शेठ म्हणाले.

अण्णांनी खाली वाकून पाहिलं. खरंच दोनच पायडल. त्यांच्या चेहऱ्यावर संशय आला, पण स्वतःविषयी नाही. "तुमाला फसवलंय शेठ. काढून घितलाय क्लच."

जमाव वाढला. एकजण म्हणाला, धक्का मारू. ऑटोमॅटिक धक्क्यानं चालू होत नाही. आतला तेलपंप इंजिनवर फिरतो, चाकांवर नाही. त्यामुळे चाकं कितीही पळवली तरी दाब तयार होत नाही. दुसरा म्हणाला, टोचन करू. तेही त्याच कारणानं घातक : चाकं फिरतात, पंप थांबलेला, आणि गिअरबॉक्स कोरडाच भरडला जातो. अण्णांचा उपाय याहून जालीम होता : "नव्वद नंबर ऑईल ओता लिटरभर. समदं गप बसतंय." मॅन्युअल गिअरबॉक्सचं ते दाट तेल या पेटीत गेलं असतं, तर खरोखरच सगळं गप बसलं असतं, कायमचं. शेठनी बाटली आणायला धावलेल्या पोराला वेळीच परत बोलावलं.

मग अण्णा म्हणाले, "मी चालवून बगतो." शेठ पुढं आणि आम्ही दोघं मागे बसलो, हा आमचा गाढवपणा. दहा-पंधरा पावलं गाडी गेली असेल नसेल, अण्णांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला निघाला. तिथं होता ब्रेक, चांगला रुंद. अण्णांनी तो कांद्याच्या ट्रकचा क्लच समजून तळापर्यंत दाबला. शेठचं कपाळ काचेला, माझं नाक शेठच्या टोपीला. मागच्या टेम्पोवाल्यानं शिवी दिली ती आम्हा चौघांना समान वाटून. अण्णा शांत. "बिरेक एक नंबर हाय," ते म्हणाले, "पर गिअरबॉक्स गेला."

इतक्यात एमआयडीसीकडून एक पोरगा स्कॅनर घेऊन आला. अण्णांची ही नवी आवृत्ती : जीन्स, कानात बोळा. स्टिअरिंगखाली वायर खोचली, मोबाइलवर पाहिलं. "पी शून्य सातशे. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. लाख-सव्वा लाख." आता या कोडचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडं काहीतरी तक्रार नोंदली गेलीय, पुढं चौकशी करा. पोरानं चौकशीच्या आधीच शिक्षा सुनावली. अण्णांनी त्याच्याकडं मायेनं पाहिलं.

शेवटी गाडी एका अबोल मिस्त्रीकडं गेली. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. शेठना विचारलं, "कधीपासून? थंड असताना का गरम झाल्यावर? चढाला का सपाटीला? काटा चढतो आन गाडी मागं राहती, असं होतंय का?" इतक्या माणसांत शेठना पहिल्यांदाच कुणी बोलू दिलं होतं, त्यामुळे ते गुडघ्यापासून सुरू झाले. मिस्त्रीनं तेही ऐकलं.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेल असतं. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक लावला, की त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरतो. तसंच हे, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. शिवाय गिअर बदलण्याचं कामही तेलाचा दाबच करतो. तेल कमी पडलं, की पंप हवा ओढतो, दाब उशिरा येतो आणि येतो तो धप्पकन. या व्हॅनला तेल मोजायची पट्टी नव्हती. मिस्त्रीनं गाडी समपातळीत उचलली, इंजिन चालू ठेवलं, तेल ठरावीक गरम होऊ दिलं आणि खालचा लेव्हलचा बोल्ट काढला. तेलाची बारीक धार यायला हवी होती. थेंबही आला नाही.

रेडिएटरकडं जाणाऱ्या कूलरच्या पाइपाचा सांधा ओला होता. चार महिने तेल तिथून झिरपत होतं. मिस्त्रीनं खालून थोडं तेल काढून पांढऱ्या कागदावर टाकलं. तांबूस, जरा काळपटलेलं. मग त्यानं कागद नाकाशी नेला, बराच वेळ. "जळका वास न्हाई. वाचली." पाइप बदलला, कंपनी सांगते तेच तेल भरलं, पुन्हा लेव्हल धरली. स्कॅनरवाल्या पोराच्या सव्वा लाखापुढं बिल इतकं किरकोळ होतं, की शेठनी चुकून घासाघीसच केली नाही.

अण्णा एवढा वेळ गॅरेजच्या दारात उभे होते. "जळकं असतं तर काय झालं असतं?" त्यांनी विचारलं.

"मग आतल्या क्लचप्लेटा गेल्या असत्या," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "ऑटोमॅटिकात पण असत्यात, तेलात बुडालेल्या. पर हिच्या गेल्या न्हाईत."

पुढचं वाक्य अण्णांनी ऐकलंच नाही. ते केव्हाच बाजाराकडं चालू लागले होते. गेटाशी पोचेपर्यंत त्यांनी भेटेल त्याला थांबवून सांगितलं, की मिस्त्रीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, ऑटोमॅटिकला क्लचप्लेट असते. हल्ली जुनी ऑटोमॅटिक घ्यायची म्हटली, की तरडगावपासूनची माणसं आधी अण्णांना दाखवायला आणतात. अण्णा डोळे मिटतात. "बंद कर," म्हणतात. "आता चालू कर."