दर्यासारंग, मुक्काम पोस्ट लोणंद

ज्या गावाला समुद्र नाही त्या गावात समुद्राचा एक जाणकार असतोच. मालवणात किंवा वेंगुर्ल्यात असा माणूस शोधून सापडायचा नाही. तिथे समुद्र सगळ्यांनाच थोडाथोडा ठाऊक असतो, आणि ज्याला खरोखर ठाऊक असतो तो जाळं विणत गप्प बसलेला असतो. जाणकार हवा असेल तर घाट चढून वर यावं. फलटणला एक आहे असं ऐकतो. कोरेगावला दोन आहेत आणि त्यांचं आपसांत पटत नाही. लोणंदला मात्र हा मान निर्विवादपणे तात्यांकडे आहे.

तात्या कांद्याचे अडते. गाव त्यांना ‘दर्यासारंग’ म्हणतं. ही पदवी शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या सरदाराची. तात्यांना ती चहाच्या टपरीवर चेष्टेत मिळाली आणि त्यांनी ती ताबडतोब, गंभीरपणे, स्वीकारली. आता त्यांना नुसतं तात्या म्हटलं तर ते ओ देतात, पण अर्धीच.

लोणंदहून मालवण तीनशे किलोमीटरच्या पुढे. वाठारवरून सातारा, हायवेने कोल्हापूर, मग राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल. एवढ्या लांबचा समुद्र तात्या आपल्या सातबाऱ्यावर असल्यासारखा वापरतात. घरी पाहुणा आला की आधी चहा, मग मार्केट यार्ड, मग जेवण; आणि ताटावर बसल्या बसल्या, पाहुण्याच्या तोंडात घास असताना, प्रश्न येतो: “आमचा समुद्र बघितलाय का तुम्ही?” तोंडात घास असल्याने पाहुण्याला नुसती मान हलवता येते. मान कशीही हलवली तरी तात्या सकाळी चारला गाडी दारात लावतात.

यात दोष एकट्या तात्यांचा नाही, गावाचाही आहे. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घडतं, पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि मुक्कामाला लोणंदला येते. पुढे तरडगावच्या वाटेवर, चांदोबाच्या लिंबाला, वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. म्हणजे जिल्ह्यातली पहिली पंगत आमची. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावाने लाखांच्या घरात पाहुणे जेवू घातले, त्या गावाला एकदोन पाहुण्यांनी काय होणार? हात शिवशिवतात. पालखी वर्षातून एकदाच येते. उरलेल्या अकरा महिन्यांचा आग्रह कुठेतरी जिरवावा लागतो. बहुतेक लोक तो जिलबीवर जिरवतात. तात्या समुद्रावर जिरवतात, एवढाच फरक.

यंदा माघात लासलगावचे दोन व्यापारी आले होते. हळवा कांदा संपत आलेला, गरवा अजून जमिनीत, त्यामुळे बाजार जरा सैल. एक आप्पा, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं. दुसरे शेठ. शेठना पोहता येत नव्हतं आणि ते ही गोष्ट न विचारता सर्वांना सांगत होते. आता लासलगावच्या माणसाला लोणंदचा कांदा दाखवून काय उपयोग? त्यांच्याकडे त्याचा महासागर. तात्यांनी वक्कल दाखवलं तेव्हा शेठनी एक कांदा उचलून दाबला, सालपट सोडवलं आणि “बरा आहे” म्हणाले. ते ‘बरा आहे’ तात्यांच्या काळजात बसलं. त्या दोघांना मालवणला नेण्याशिवाय इभ्रत वाचवायचा दुसरा मार्ग उरला नाही. मी सोबत होतो, कारण गाडी माझी होती.

टपावर कांद्याची एक गोणी बांधली. ती दर वेळी असते, तिचं कारण पुढे येईल.

कराड ओलांडेपर्यंत मराठ्यांचं आरमार तयार झालं होतं. गुराब, गलबत, तरांडं, पाल अशी एकेक जहाजं तात्यांनी डॅशबोर्डवर बोटाने काढली. कागलच्या अलीकडे वळून राधानगरीचा रस्ता धरला तेव्हा कान्होजी आंग्रे आले. “आंग्रे हे नाव कशावरनं पडलं? आंगरवाडीवरनं. मूळचं आडनाव संकपाळ. म्हणजे कुठली माणसं? घाटावरची! समुद्र चालवला तो आपणच. कोकणातल्यांनी फक्त मासे धरले.” हे वाक्य फोंडा घाट उतरायच्या आत बोलायचं असतं, एवढं भान तात्यांना आहे. घाट उतरल्यावर ते आवाज खाली आणतात आणि खिडकीची काच वर घेतात.

मालवणात शिरल्यावर आधी मोरयाचा धोंडा. किल्ल्याचं काम सुरू करण्यापूर्वी महाराजांनी किनाऱ्यावरच्या ज्या खडकाजवळ पूजा केली, तो हा. इथे तात्यांचं बोलणं खरोखर बरं होतं. कुरटे बेटावर 1664 च्या नोव्हेंबरात काम सुरू झालं, तीन वर्षांत तट उभा राहिला, पायाच्या दगडांत शिसं ओतलं. किल्ल्यात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा तीन विहिरी, चहूकडे खारं पाणी आणि आत गोडं. आप्पांनी साखरबावेपाशी चप्पल काढून हात जोडले. तात्यांना वाटलं हे आपल्यालाच. त्यांनीही जोडले.

धक्क्यावर पोहोचल्यावर मला नेहमी मौज वाटते ती याची, की तिथे तात्यांना कुणी दर्यासारंग म्हणत नाही. “कांदेवाले काका इले!” अशी हाक येते. टपावरची गोणी उतरते, होडीवाल्याच्या घरी जाते, आणि बदल्यात तात्यांना दरात सवलत मिळते. सवलत होते ती गोणीच्या किमतीहून कमीच. तीनशे किलोमीटर आरमार चालवत आलेला माणूस धक्क्यावर पाऊल ठेवताच पुन्हा अडत्या होतो, आणि त्यालाही बरं वाटत असावं, कारण चेहरा खुलतो.

रात्री मालवणातच मुक्काम केला. सकाळी होडी बघून तात्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “शीड कुठंय?”

“इंजिन आसा, काका.”

“इंजिन ठीक आहे. पण शिडाची मजा वेगळी. सकाळी मतलई वारे जमिनीकडनं, दुपारनंतर खारे वारे समुद्राकडनं. मतलईवर जायचं, खाऱ्यावर यायचं. तेलाचा खर्च शून्य.” होडीवाल्याचे आजोबा नेमकं हेच करत. तो हसला आणि त्याने दोरी ओढून इंजिन चालू केलं.

एका बाबतीत मात्र तात्यांना मानलं पाहिजे. भरतीची वेळ ते तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित. त्या दिवशी वद्य दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. अडतीत आयुष्य गेलेल्या माणसाला पाऊणकीचा पाढा झोपेतही येतो. “साडेसातला भरती, आठला पाणी नितळ,” तात्या म्हणाले. होडीवरच्या मुलाने मोबाइलमध्ये बघितलं, जवळपास तेच निघालं. पण गंमत अशी, की तात्यांचं जे खरं ठरतं त्याकडे कुणी लक्ष देत नाही. शेठ त्या वेळी लाइफ जॅकेटची बकलं मोजत होते.

जॅकेटवरून दर वेळी भांडण होतं. तात्या विहिरीतले पोहणारे. नीरा उजव्या कालव्याच्या परिसरातल्या प्रत्येक विहिरीत त्यांनी मुटका मारलेला आहे आणि तळाचा खडा वर आणलेला आहे. अशा माणसाच्या गळ्यात नारिंगी जॅकेट घालणं हा त्यांना अपमान वाटतो. होडीवरचा मुलगा वीस-बावीस वर्षांचा, शांत. “काका, जाकीट नाय तर पाण्यात नाय.” तात्या जॅकेट घालतात, पण पट्टे सैल ठेवतात, मुलगा येऊन ते घट्ट करतो. खाऱ्या पाण्यात माणूस मुळातच तरंगतो, त्यात जॅकेट, त्यामुळे तात्यांनी सवयीने मुटका मारला तेव्हा ते बुडले नाहीत, नुसते आपटले. पाणी आप्पांच्या टोपीपर्यंत उडालं.

नांगर पडला होता तो किल्ल्याजवळच्या खडकाळ भागात. इथलं प्रवाळ आणि त्यातले मासे राखायचे म्हणून 1987 साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मुलाने गॉगल वाटले आणि म्हणाला, “काचेक आतून थुकी लावा, चोळा, धुवा. मगे धुका येवचा नाय.” आप्पांनी विचारलं, “थुंकी? समुद्रात?” थुंकीने काचेवर बाष्पाचे थेंब धरत नाहीत, हे खरंच आहे. पण तात्यांनी त्याला जोडून आंग्र्यांचे खलाशी दुर्बिणीला थुंकी लावत असत अशी माहिती दिली. ती कुठून आली हे विचारू नये.

मग आली नळी.

स्नॉर्केल ही वस्तू ज्याने शोधली त्याच्या घरी एखादे तात्या असले पाहिजेत. नळीचं टोक दातांत धरायचं, ओठ मिटायचे, तोंड पाण्यात घालायचं आणि श्वास तोंडानेच घ्यायचा. बोलायला जागाच नाही. आदल्या दिवशी सकाळी चारपासून अखंड चाललेली तात्यांची वाणी आठ वाजून दहा मिनिटांनी बंद पडली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे गॉगलमधून बघितलं. कुणी काही म्हणू शकत नव्हतं, पण सगळ्यांना तेच म्हणायचं होतं.

तात्यांनी प्रयत्न सोडला नाही. खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे थव्याने आले तसा नळीतून आवाज आला: “हूंऽ... बूऽहू... ढूं!” आणि मागोमाग ठसका. मुलगा म्हणाला, “काका, बोला नकात. पाणी जातला. बघा नुसते.” नुसतं बघणं तात्यांना कधी जमलेलं नाही. ज्याच्याबद्दल पाहुण्याला सांगता येत नाही ते त्यांना दिसतच नसावं असा माझा अंदाज आहे. ते पाण्याकडे बघेनात, पाहुण्यांकडे बघू लागले. शेठ बरोबर माशांकडे बघतायत ना? आप्पांचं तोंड चुकून वाळूकडे तर नाही? बोट करून करून त्यांचा हात दुखला असेल. मासे त्या बोटाला घाबरून बाजूला जात आणि आप्पा-शेठना ते बोटच तेवढं दिसे.

बोटाने भागेना तेव्हा तात्यांनी शेठचा हात धरला. लोणंदला मेंढरांचाही बाजार भरतो, आणि मेंढरांचा जुना सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो. तात्यांना सांगायचं होतं की समोरच्या खडकाशी चार मोठे मासे आहेत, बाकी सगळी चिंगळी. त्यांनी चार बोटं दाबली, मग एक अर्धं. शेठ टायरच्या ट्यूबमध्ये हात अडकवून तरंगत होते, त्यांनी डोकं वर काढलं, नळी काढली आणि स्पष्ट सांगितलं, “एवढ्याला परवडत नाही, तात्या. भाडं कोण भरणार?” आणि पुन्हा पाण्यात.

यानंतर जे घडलं त्याला जबाबदार तात्यांचा अंगठा. शेठ आपणहून पाण्यात परत गेले याचा त्यांना एवढा आनंद झाला, की त्यांनी मुलाकडे बघून अंगठा वर केला: झकास! पण पाण्यातल्या माणसांची खुणांची भाषा निराळी. तिथे ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं गोल करतात; अंगठा वर म्हणजे मला वर घ्या. हे मुलाने निघताना सांगितलं होतं. तेव्हा तात्या आंग्र्यांवर होते. मुलाने तत्परतेने काकांना काखेत धरलं, शिडीपाशी आणलं, वरच्याने हात दिला, आणि दर्यासारंग होडीत बसले. “दमले वाटता,” मुलगा म्हणाला. दमलो नाही हे सांगायला तात्यांनी तोंडातली नळी काढेपर्यंत तो परत पाण्यात गेला होता.

आणि नेमक्या त्या वेळी गोब्रा आला.

मी होतो शेठजवळ, मला दिसला नाही. आप्पांना दिसला. खडकाच्या कपारीतून तो अर्धा बाहेर आला, तोंड उघडं, आणि आप्पांसमोर थांबला. आप्पाही थांबले. माळकरी माणूस, माशाचं नाव माहीत नाही, चव माहीत नाही, त्यामुळे बघण्याखेरीज दुसरा काही विचारच मनात येण्यासारखा नव्हता. बराच वेळ दोघे समोरासमोर होते. मुलाने नंतर सांगितलं की गोब्रा इतका वेळ कपारीबाहेर राहत नाही, माणसं हात करतात म्हणून. आप्पांनी हात केला नव्हता. हात त्यांनी छातीशी धरले होते.

दुपारी जेवणाला बसलो. शेठनी सुरमई मागवली, तात्यांनी बांगडा, आप्पांनी भाजी, भात आणि सोलकढी. तात्यांनी विषय निघू नये म्हणून किल्ल्याची पुन्हा मोजणी सुरू केली होती, पण शेठनी विचारलंच. आप्पा म्हणाले, “मोठा होता. तपकिरी. अंगावर ठिपके. तोंडावरून वाटलं, पंचायतीतला जुना सभासद आहे. ऐकून घेतो, ठराव मात्र करत नाही.” आप्पांचं एवढं लांब वाक्य आम्ही त्या प्रवासात दुसरं ऐकलं नाही. तात्या बांगड्याचे काटे काढत राहिले. वाढणाऱ्या मुलाने कौतुकाने विचारलं, “गोब्रो दिसलो? नशीबवान.” तात्यांनी नुसता आणखी भात मागितला.

गॉगलच्या काचेतून पाण्यातली वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते. हे विज्ञान आहे. त्यापुढची वाढ रस्त्यावर झाली. कणकवलीपर्यंत गोब्रा आप्पांचा होता. राधानगरीला चहा घेताना तो ‘आम्हाला दिसलेला’ झाला. कोल्हापूरला तात्यांनी त्याची लांबी टेबलावर दाखवली आणि टेबल अपुरं पडलं. कराडजवळ असं निघालं, की होडीतून तात्यांनीच मुलाला खूण करून आप्पांना त्या कपारीकडे न्यायला सांगितलं होतं. वर येऊन बसण्याचं कारणच ते, वरून सगळं नीट दिसतं. आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी ना हो म्हटलं ना नाही.

दुसऱ्या दिवशी एकादशी. आप्पा-शेठ पहाटेच लासलगावला निघाले. मी यार्डात गेलो तेव्हा तात्यांच्या गाळ्यावर फलटणचे कोणी नवे व्यापारी टेकले होते. हातात चहा, तोंडात बिस्किट.

“गोब्रा म्हणतात त्याला,” तात्या सांगत होते. “किल्ल्याच्या मागं खडक आहे, त्यात राहतो. आपलाच आहे. लोणंदचं नाव सांगितलं की बाहेर येतो. तुम्ही या की गुरुवार सोडून कधीही, भेट घालून देतो.”

पाहुण्याने मान हलवली.