दिल्लीत ‘तसे’ न दिसण्याचे मार्ग

दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्रामला शिकायला वा नोकरीला निघालेल्या माणसाने सामानाच्या यादीत योग्य चेहरा अवश्य लिहावा. तो करोल बागेच्या बाजारातही मिळत नाही, म्हणून पुढील सूचना.

ही मार्गदर्शिका पहिली नव्हे. तो मान २००७ साली पश्चिम दिल्ली पोलिसांनी काढलेल्या पुस्तिकेचा. ईशान्य भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना तिने सुरक्षेचे धडे दिले : मुलींनी अंगप्रदर्शन करणारे कपडे टाळावेत; बांबूचे कोंब, आखुनी असे उग्र वासाचे पदार्थ शेजारात गोंधळ न माजवता शिजवावेत. आखुनी म्हणजे नागालँडचे आंबवलेले सोयाबीन. पुस्तिकेमागचे अधिकारी रॉबिन हिबू स्वतः अरुणाचलचे, तेव्हा हेतू काळजीचाच असणार. छेड काढणाऱ्याने काय टाळावे, हा मात्र तिचा विषय नव्हता. पुढे निकोलस खारकोंगोर यांनी ‘आखुनी’ नावाचा चित्रपटच केला. त्यातली मित्रमंडळी मैत्रिणीच्या लग्नासाठी हा पदार्थ शिजवायला दिल्लीत जागा शोधत फिरतात. खिडक्या लावून बोंबील भाजणाऱ्या मराठी घरांना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही.

आता पोशाख. इथे इच्छुकाने फार सावध राहावे. जून २०१७ मध्ये मेघालयची एक खासी महिला पाहुणी म्हणून दिल्ली गोल्फ क्लबमध्ये जेवायला गेली. अंगावर जैनसेम, म्हणजे खासी बायकांचा पारंपरिक पोशाख. जेवण सुरू असताना तिला उठायला सांगण्यात आले. हा वेश मोलकरणीसारखा दिसतो, असे कारण मिळाले. याच पोशाखात ती लंडनपासून अमिरातीपर्यंत जेवून आली होती, पण तिकडच्या वाढप्यांची नजर बहुधा तयार नसावी. बातमी गाजल्यावर क्लबने दिलगिरी व्यक्त केली.

मग जैनसेम सोडून साडी नेसावी का? तेही जपून. सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीच्या अन्सल प्लाझा मॉलमधल्या एका रेस्टॉरंटच्या दारात एका महिलेला ‘साडी स्मार्ट कॅज्युअलमध्ये बसत नाही’ असे ऐकवले गेले. तिनेच हुज्जत घातली, असे रेस्टॉरंटचे म्हणणे. त्याच महिन्यात महापालिकेने शोध लावला की रेस्टॉरंटकडे परवानाच नाही. थोडक्यात, साडी नियमात बसत नव्हती आणि रेस्टॉरंटही.

उलट पद्धतही आहे, पण ती सर्वांना झेपणारी नाही. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला जोतीराव फुले मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले होते. ‘चुकीचे’ दिसायचेच, तर ते असे ठरवून.

साथीच्या काळात चेहऱ्याची विशेष काळजी घ्यावी. मार्च २०२० मध्ये उत्तर दिल्लीत एक इसम मणिपुरी तरुणीला ‘कोरोना’ म्हणत तिच्या अंगावर थुंकला. त्या दिवसांत मास्क लावायला सगळेच सांगत होते. मास्कच्या वर डोळे दिसतात, हे कोणी ध्यानात घेतले नव्हते. (पुण्या-मुंबईच्या वाचकाने इथे दिल्लीला नावे ठेवण्याची घाई करू नये. सोसायटीच्या रखवालदाराला नाव न विचारता ‘बहादूर’ म्हणण्याची रीत तिकडून आयात झालेली नाही.)

केसांबद्दल सूचना लिहिताना मात्र विनोद चालत नाही. जानेवारी २०१४ च्या अखेरीस अरुणाचलचा निडो तानिया लाजपतनगरच्या एका दुकानात पत्ता विचारायला थांबला. रंगवलेल्या केसांवरून त्याची टिंगल झाली, वाद झाला, मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी तो गेला. तो जेमतेम विशीचा होता.

त्यानंतर एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जुलै २०१४ मध्ये तिने अहवाल दिला. त्यात सल्ला चेहरेवाल्यांना नसून सरकारला होता : वंशावरून अपमान करणाऱ्यांसाठी दंड संहितेत १५३-क आणि ५०९-अ अशी दोन नवी कलमे घाला. १ जुलै २०२४ पासून दंड संहिताच गेली आणि ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली. एवढ्या कलमांतही त्या दोघांना जागा मिळाली नाही.

तोवर इच्छुकाने १०९३ हा दिल्ली पोलिसांचा ईशान्येकडील लोकांसाठीचा क्रमांक पाठ करून ठेवावा. फोनवर चेहरा दिसत नाही, एवढी सोय आहे.