घरच्या घरी, पण पाणी कुठलं?

केसांची निगा घरच्या घरी कशी राखावी हे सांगणाऱ्या बायका राहतात तरी कुठे, हे एकदा शोधून काढलं पाहिजे. आमच्या शेलूत नक्कीच नाही. त्यांचा कार्यक्रम असा: आदल्या रात्री कोमट तेलाने मालिश, सकाळी गरम पाण्यात पिळलेला पंचा डोक्याला, मग कोरफडीचा गर, त्यावर दही-मेथीचा लेप, तो वाळेपर्यंत विश्रांती, मग भरपूर पाण्याने केस धुवायचे आणि ते आपोआप सुकू द्यायचे. विश्रांती आणि भरपूर पाणी! कर्जत लायनीवर या दोन्ही वस्तू रेशनवरसुद्धा मिळत नाहीत.

आपोआप मात्र आमचेही सुकतात. शेलूला गाडीत चढताना टोकांतून पाणी ठिबकत असतं, अंबरनाथपर्यंत मुळं सुकतात, ठाण्याला केस वेणी घालण्याजोगे होतात आणि दादरवाल्यांची घाटकोपरला घाई सुरू होते. मध्य रेल्वेचा लेडीज डबा हे बहुधा देशातलं एकमेव पार्लर, जिथे गिऱ्हाईक महिन्याचा पास काढून येतं आणि उभ्याने आवरतं. दातांत क्लचर, मनगटाला रबर, एक हात वरच्या कडीला. पेड तीन, मोकळा हात एक, आणि कुर्ला यायच्या आत वेणी तयार. असा शेपटा घालायला कुठल्याही पार्लरवालीला खुर्ची, आरसा आणि दोन मदतनीस लागतील.

या पार्लरचा कायदा एकच: ओले केस झटकायचे नाहीत. झटकले की मागून आलंच, "अहो ताई, आमची आंघोळ झालीय घरी!" मग ठाण्यापर्यंत कुणी सरकून चौथी सीट देत नाही. कंगव्यातला गुंतवळ बोटाला गुंडाळून पर्सच्या कप्प्यात टाकणारी ती शहाणी. खिडकीबाहेर सोडणारीने मागच्या खिडकीतून येणाऱ्या शिव्याही ऐकून घ्यायच्या.

आता पाण्याचं. शेलू-वांगणी-नेरळ पट्ट्यात इमारती ज्या वेगाने आल्या, त्या वेगाने नळ आले नाहीत. जाहिरातीत निसर्गाची कूस, जवळ उल्हास नदी, समोर ढगात बुडालेला माथेरानचा डोंगर; आणि न्हाणीघरात बोअर नाही तर टँकर. बोअरचं पाणी जड. बादलीच्या काठाला पांढरा थर धरतो, शॉवरची भोकं बुजतात, आणि नवी बिऱ्हाडकरीण महिनाभरात जाहीर करते, "इथे आले आणि माझ्या केसांचा झाडू झाला." तिची तक्रार खरी आहे. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला भेटलं की न विरघळणारा चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. शाम्पूचं इतकं वाईट होत नाही, पण पाण्यातले क्षार तरीही केसांना धरतात आणि केस राठ लागतात. शिकेकाई-रिठ्याचा फेस येतो सॅपोनिनमुळे. त्याचा असा साका होत नाही. वर शिकेकाई थोडी आंबटही असते. तेव्हा आजी विहिरीच्या पाण्यावर शिकेकाई उकळायची ती काही संस्कृती टिकवण्यासाठी नाही. तिच्याकडे वॉटर सॉफ्टनर नव्हता.

हे ज्यांना पटत नाही त्यांनी बादलीच्या थरावर लिंबू चोळून पाहावं. तो सुटला तर शेवटच्या तांब्यात दोन थेंब आपल्या डोक्यासाठीही पिळावेत. आणि जून ते सप्टेंबर या भागात आकाशातून जे धो धो कोसळतं ते तर मऊच पाणी असतं, क्षार नसलेलं, तेही फुकट. ते आम्ही पन्हाळीतून गटारात सोडतो आणि मार्चमध्ये टँकरवाल्याला फोन लावतो.

याच जून ते सप्टेंबरात स्ट्रेटनर वापरणाऱ्या मुलींबद्दल मला अपार आदर आहे. गरम पट्टीने केसांतले जे हायड्रोजन बंध तुटून सरळ रेषेत जुळतात, ते दमट हवा लागताच पुन्हा आपल्या जुन्या वळणावर जातात. जुलैत त्याला शेलूचा फलाट पुरतो. गाडी लेट असेल तर इंडिकेटर बदलायच्या आत.

तेलाचं प्रकरण मात्र थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल खायचं की डोक्याला लावायचं, असा तो वाद. अर्थात कराचा. मूळ खटला उत्पादन शुल्काचा, पण जीएसटीतही तेव्हा खाद्यतेलाला 5 टक्के होते, केशतेलाला 18. 2018 मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना. न्या. रंजन गोगोई म्हणाले, खायचं. न्या. आर. भानुमती म्हणाल्या, केसांचं. पुरुषाला ताट दिसलं, बाईला वेणी. मग तिघांचं पीठ बसलं आणि 18 डिसेंबर 2024 रोजी निकाल आला: बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही. केशतेल म्हणून विकलं तर केशतेल, एरवी खाद्यतेल. वर्षही उलटलं नाही तोच, 22 सप्टेंबर 2025 पासून, सरकारने केशतेलही 5 टक्क्यांवर आणून ठेवलं. इतक्या वर्षांच्या या मालिशीने चकाकी आली असेल तर ती वकिलांना.

न्यायालयाने एकदा आमच्या रायगडातल्या घरातली बाटली बघायला हवी होती. हिवाळ्यात ती थिजते म्हणून उन्हात ठेवलेली असते. त्यातलं तेल सुनेच्या केसांना, सासूच्या टाचांच्या भेगांना, बाळाच्या टाळूला आणि मे महिन्यात फणस फोडताना विळीला न् दोन्ही हातांना. फणसाच्या चिकाचं कलम कुठल्या कायद्यात आहे?

बरं, तेलाने काही होतं का? होतं. 2003 साली 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये एक निबंध आला: न्हाण्याआधी खोबरेल लावलं तर केसांतली प्रथिनं कमी झिजतात, सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसं होत नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, हे त्याचं कारण. निबंध लिहिणारे संशोधक मॅरिकोचे, म्हणजे पॅराशूटवाल्यांचेच. मुलीच्या गुणांची यादी वधुपित्याने द्यावी, तशातला प्रकार. पण यादीत दम आहे. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की खोबरेलाने केस कमी झिजतात, असं ते म्हणाले. गुडघ्यापर्यंत वाढतात, असं नाही. ते जाहिरातवाले म्हणतात.

पण बाईचे केस गळायला लागले की निदान एकच: "तेल लावत नाहीस." हे सासू सांगते, शेजारीण सांगते, डब्यातली अनोळखी बाई वांगणी यायच्या आत सांगते. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी केस गळतात, डेंग्यू-टायफॉइडनंतर गळतात, थायरॉइड बिघडलं तर गळतात, अंगात लोह कमी असेल तरी गळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे डब्यात शेजारी शेजारी बसलेल्या दोघींपैकी सरासरी एकीला तरी बाटली नको, रक्ततपासणी हवी आहे. पण तपासणीला अर्धा दिवस रजा लागते आणि 'तेल लाव' म्हणायला काहीच लागत नाही.

बुलढाण्याचं आठवा. डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस मुठीने हातात येऊ लागले, काही दिवसांत टक्कल. आधी संशय शाम्पूवर, मग पाण्यावर. 'टक्कल व्हायरस' असं बारसंही उरकलं. मग आमच्याच रायगडातले, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिकडे गेले. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जग त्यांना ओळखतं. त्यांनी बोट ठेवलं ते गव्हावर. त्यांच्या तपासणीत रेशनवर आलेल्या, पंजाबकडच्या गव्हात सेलेनियम प्रचंड निघालं. घरात कितीही कोरफड लावली असती तरी डब्यातल्या पोळीला ती काय करणार होती?

आयसीएमआरची, म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषदेची, पथकंही तिथे धावली, नमुने घेतले, अहवाल झाले. कारण पुरुषांचेही केस गेले होते. नुसत्या बायकांचे गेले असते तर पथकाऐवजी एखादी ताई मेथीचे दाणे भिजवून घेऊन आली असती.