मासेमारीचा रेनसूट : सोलापूर जिल्ह्यापुरते मार्गदर्शन

मासे धरायला जाताना अंगात कोणता रेनसूट घालावा, हा प्रश्न कोकणातल्या माणसाला सोपा जातो, कारण त्याच्याकडे पाऊस आहे. आपल्याकडे सूट आधी घ्यावा लागतो. पाऊस नंतर येतो, आणि कधीकधी सूट विरला तरी येत नाही. म्हणून बाहेरगावचे सल्ले इथे चालत नाहीत. पुढील मार्गदर्शन फक्त सोलापूर जिल्ह्यासाठी आहे. बार्शीकरांनी आपापल्या जबाबदारीवर वाचावे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी. सोलापुरात पाऊस वेगळा आणि पाणी वेगळं. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिकडे लोणावळ्यात तेवढा एखाद्या जोराच्या आठवड्यात उरकतो. पण भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठेच्या खोऱ्यात पडलेलं पाणी दौंडवरून उजनीत येतं आणि ११७ टीएमसीचं धरण, डोक्यावर रणरणतं ऊन असताना, आपोआप वर चढतं. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी सरकारी कागदावर ‘मृत’ असतं. मासे मात्र त्यातच जिवंत असतात. इथला गळवाला सकाळी उठून आभाळ बघत नाही. तो विचारतो, ‘दौंडचा विसर्ग किती?’ विसर्ग वीस हजार क्युसेकच्या पुढे गेला की सूट बाहेर काढावा आणि घडी मोडून परत ठेवावा. भिजायला पुण्यातली माणसं आहेत.

मग सूट लागतो कधी? तर दोनदा. एकदा मेमध्ये वळवाला, आणि दुसऱ्यांदा सप्टेंबरात, जिल्ह्याचा खरा पाऊस येतो तेव्हा. मृग आणि आर्द्रा वर्तमानपत्रात पडतात. पूर्वा, उत्तरा आणि हस्त आपल्या अंगावर पडतात. दाते पंचांग सोलापूरचंच, तेव्हा कोणत्या नक्षत्राचं वाहन काय ते बघून घ्यायला हरकत नाही. वाहन बेडूक असेल तर सूट गाडीच्या डिकीत टाकावा. गाढव असेल तर कुणाला न सांगता टाकावा.

आता खरेदी. नवी पेठेतल्या कुठल्याही दुकानात गेलात तर संवाद ठरलेला असतो.

‘वॉटरप्रूफ आहे का?’

‘शंभर टक्के, काका.’

‘आतला घाम बाहेर जातो का?’

‘काका, शंभर टक्के म्हटलं की. काहीच बाहेर जाणार नाही.’

दुकानदार खरं बोलतोय. पीव्हीसीचा सूट पाऊस अडवतो आणि घामही अडवतो. वळवाच्या आधी चाळीस अंशांत तो घालून अर्धा तास होडीत बसलं की माणूस पावसाची वाट न बघता आतूनच भिजतो. आणि मग खरोखर पाऊस आला तर अंगावर वाचवण्यासारखं काही कोरडं उरलेलं नसतं. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांमध्ये रबर भरून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. त्याचे सुरुवातीचे कोट थंडीत ताठ व्हायचे आणि उन्हात चिकट. ही तक्रार ग्लासगोच्या उन्हातली आहे. आपल्या उन्हाबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं.

१९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची कांडी तापवून हिसका देऊन ताणली आणि त्यातून पुढे ‘श्वास घेणारं’ कापड आलं. पाण्याचा थेंब आत येत नाही, वाफ बाहेर जाते. महागातल्या सुटांवर असलं काहीतरी लिहिलेलं असतं. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि गार लागते. सप्टेंबरात पाऊस पडायच्या आधीच्या त्या कुंद दुपारी बाहेर जागाच नसते. वाफ दारापर्यंत जाते आणि परत येते. म्हणून माझं स्पष्ट मत : कापडाच्या विद्वत्तेपेक्षा काखेतल्या चेनला पैसे द्यावेत. काखेत चेन, पाठीवर झडपेखाली जाळी, आणि हलकं, आतून पीयूचा लेप दिलेलं नायलॉन. शिवण आतून बघावी. शिवणीवर पट्टी चिकटवलेली नसेल तर बाकी सगळं वॉटरप्रूफ असून उपयोग नाही, कारण सुईने पाडलेली भोकं पावसाला बरोबर सापडतात.

लेबलवर ३०००, ५०००, १०००० मिलिमीटर असे आकडे असतात. काही सज्जन ते पावसाचे समजतात आणि सांगतात, ‘आपल्याकडे पाचशेच पडतो, तीन हजारवाला सहा वर्षं जाईल.’ तसं नाही. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की ते झिरपायला लागतं, त्याची ती मोजणी. आणि इथे मर्माची गोष्ट आहे : पावसाच्या दाबापेक्षा माणसाच्या बसण्याचा दाब कितीतरी जास्त. ओल्या फळीवर चार तास बूड टेकून बसल्यावर पाणी वरून नाही, खालून येतं. त्यामुळे कोट एक वेळ साधा चालेल. पँट भारी घ्यावी. दुकानदार नेमका उलटा जोड देतो, कारण आरशात कोट दिसतो.

पँट शक्यतो छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली घ्यावी. गळाला लागलेला मासा उचलायला वाकलं की कमरेची पँट आणि कोट यांची फारकत होते आणि पाऊस नेमका तिथे पडतो. पट्टेवाल्या पँटीची अडचण एकच, ती निसर्गाच्या हाकेला उशिरा ओ देते. चहा बेतानं प्यावा.

बाहीची परीक्षा दुकानातच करावी. काल्पनिक गळ हातात धरून हात डोक्याच्या वर न्यावा आणि जोरात फेकावा. इतर गिऱ्हाइकं बाजूला होतील, होऊ द्यावीत. फेकताना मनगटावरचं पाणी आधी कोपरात आणि मग काखेत जातं. त्यामुळे बाहीच्या आत दुसरी, घट्ट बसणारी पट्टी पाहिजे. टोपीला पुढे कडक छज्जा हवा आणि मान वळवली की टोपीही वळायला हवी. नाहीतर शेजाऱ्याचा गळ कुठे चाललाय हे बघायला जाताना फक्त टोपीचं अस्तर दिसतं.

खिशाचं प्रमाण मात्र आपल्याला कुणी परदेशी कंपनी करून देणार नाही. सोलापुरी कडक भाकरी घेऊन दुकानात जावं. ती पातळ, वाळवलेली, ताटाएवढी. छातीच्या खिशात अख्खी मावत नाही, आणि पाठीमागच्या मोठ्या खिशात मावते पण बसल्याबरोबर तिचा भुगा होतो. बराच विचार करता अर्धी भाकरी उभी बसेल असा आतला खिसा हाच मार्ग निघतो. शेंगाचटणीची पुडी वेगळ्या, झडपेच्या खिशात. एकदा चटणीला ओल लागली की तिचा गोळा होतो. तो गळाला लावून चिलापी येते का, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

पायाकडे वळू. उजनीचं पाणी उतरलं की काठाला काळ्या मातीचा गाळ उघडा पडतो : वरून भेगाळलेला, खाली लोण्याइतका मऊ. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण मृत साठ्यात उतरून जवळजवळ उणे ६० टक्क्यांवर गेलं, तेव्हा तर काठ कुठे सुरू होतो हेच कळत नव्हतं. अशा गाळात पाऊल टाकलं की पाय वर येतो आणि गमबूट मागे राहतो. पुढचं पाऊल मोज्यावर पडतं. गमबूट घालायचेच असतील तर पँट बुटाच्या बाहेर सोडावी. आत खोचली तर कोटावरून ओघळलेलं सगळं पाणी रांगेनं बुटात उतरतं.

इतका खर्च झेपत नसेल तर दोन देशी पर्याय आहेत. एक, सांगोला-मंगळवेढ्याकडची घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. दोन कोपरे दुमडून खोळ केली की पहिला तासभर थेंब वरच्या वर गोळा होऊन घरंगळतो. नंतर ती भिजते, आणि भिजली की उचलायला दुसरा माणूस लागतो. काठावर बसायला तिच्यासारखी नाही. होडीत तिला घेऊ नये. दुसरा, वारीतला प्लास्टिकचा कागद. आषाढीला लाखो माणसं त्याच्याखाली पंढरपूरपर्यंत चालत येतात, यापेक्षा मोठी चाचणी कुठल्या प्रयोगशाळेत होत नाही. पण तो एका हातानं धरावा लागतो. वारकऱ्याचा दुसरा हात मोकळा राहतो. गळवाल्याला दोन्ही लागतात.

इथे थोडं थांबून थट्टा बाजूला. उजनीवर पावसापेक्षा वारा वाईट. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. होडीत बसणार असाल तर सुटाच्या आधी लाइफ जॅकेट घ्या, आणि ते कोटाच्या वरून घाला. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर सूट राहू द्या. पाण्यात पडल्यावर गमबूट झटकून काढता आले पाहिजेत. आणि वीज कडाडायला लागली की कार्बनचा रॉड खाली ठेवून काठावरून उठा. तो विजेचा चांगला वाहक आहे.

रंगाबद्दल फार डोकं खाजवू नये. पिवळा घ्यावा, लांबून दिसतो. गल्लीतून निघताना कोणी तरी विचारणारच, ‘काय बे, मधाचं पोळं काढायला निघालास काय?’ होकारार्थी मान हलवावी. संध्याकाळी रिकाम्या हातानं आलात तर पोळ्याचं कारण उपयोगी पडतं.

घरी आल्यावर सूट उलटा करून सावलीत वाळवावा, ओला घडी घालू नये. लेप सुटतो आणि माशाच्या वासाला सोबत मिळते. दसऱ्यानंतर घरातली माणसं तो दुचाकीवर टाकतील किंवा मळणीच्या ज्वारीवर अंथरतील, त्यावर वाद घालू नये. पाहुणा पुण्याला निघाला असेल आणि त्यानं मागितला, तर मात्र लगेच द्यावा. तिकडे तो भिजला तर आपलंच धरण भरतंय. फक्त देण्याआधी खिशातले गळ काढून घ्यावेत. मागच्या खेपेचा एक डाव्या खिशाच्या अस्तरात अडकलेला असतो.