रिकामी म्हणायची बंदूक

पेन्सिल्व्हेनियात नाताळ उरकला की माझ्या शेजाऱ्याच्या अंगात दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस संचारतो. एरवी गॅरेजचं दारही रिमोटने उघडणारा हा गृहस्थ चकमकीची ठासणी खांद्यावर टाकून हरणांमागे निघतो. 1974पासून इथे अशा बंदुकांचा वेगळा मोसम आहे. आधुनिक बंदुकांच्या मोसमातून वाचलेली हरणं तोवर इतकी बेरकी झालेली असतात, की बहुतेक संध्याकाळी बंदूक गेली तशीच भरलेली परतते. मग प्रश्न उभा राहतो : हा बार आत ठेवायचा तरी किती दिवस?

रोज काढावा, हे उत्तर सोपं. पण काढायचा म्हणजे उडवायचा, आणि उडवला की बंदूक त्याच रात्री धुवायची. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते आणि नळीला गंज चढवते. म्हणून कढत साबणपाणी, चिंध्या, तेल आणि सडक्या अंड्यांच्या वासाने कोंदलेलं न्हाणीघर. यावर शेजारीणबाई जे बोलतात ते इथे छापता येणार नाही. तेव्हा सुरक्षिततेचा हा सगळा ऊहापोह मुळात आळसापोटी जन्मला, असं माझं स्पष्ट मत आहे.

दारू बिचारी सोशिक. 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. यात नासण्यासारखं आहे काय? कोरडी राहिली तर ती माणसांच्या पिढ्या बघते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली अठराव्या शतकातली तोफ 2013 साली साफ करायला घेतली, तर आत गोळा आणि पाऊण किलोहून जास्त दारू! बॉम्बपथक बोलवावं लागलं.

घात करते ती ऊब. गारठलेली बंदूक घरात आणली की नळीला घाम फुटतो. गोळीभोवतीच्या चिंधीचं तेल हळूहळू दारूत झिरपतं, ते वेगळंच. मग सकाळी चाप ओढला की रंजक, म्हणजे बाहेरच्या वाटीतली पेटवणीची दारू, भपकन पेटते, हरीण मान वर करून बघतं आणि आतला बार विचार करत बसतो. तो केव्हाही मनावर घेईल, म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर तसंच उभं राहायचं. हरीण तेवढं थांबत नाही. हे टाळायला बंदूक रात्री गॅरेजात, थंडीतच, कुडकुडत असते.

कायद्याचं मात्र सोपं आहे. कानाजवळच्या, म्हणजे नळीच्या बारीक छिद्राजवळच्या, वाटीतली रंजक काढून टाकली की त्याच्या लेखी बंदूक रिकामी. खुशाल गाडीत ठेवा. म्हणजे कुकरची शिट्टी काढली की आतला भात नाहीसा! वास्तविक चकमकीची ठिणगी रंजकीशिवायही कानातून आत शिरू शकते. म्हणून शेजारी ठिणगी पाडणाऱ्या पोलादी पट्टीवर चामड्याची टोपी चढवतो. कायद्यापेक्षा माझा विश्वास त्या टोपीवर जास्त.

आणि टोपीपेक्षाही ठासणीच्या गजावर. गजावर दोन खुणा आहेत, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या. गज आत घालून बघायचं, आठवणीवर जायचं नाही. याच राज्यात गेटिसबर्गला 1863च्या लढाईनंतर 27,000हून जास्त टाकलेल्या बंदुका गोळा केल्या. त्यांतल्या सुमारे 24,000 भरलेल्या होत्या, त्यांतल्याही निम्म्यांत एकावर एक दोन बार, आणि एकीत तर 23. धुमश्चक्रीत बार उडाला की नाही, हेच शिपायांना कळत नव्हतं.

कोकणात माझ्या काकांकडे शेतराखणीच्या परवान्याची ठासणी आहे. फोनवर हे सगळं ऐकून ते म्हणाले, "वानरांना गोळी कशाला हवी रे? नुसत्या दारूचा आवाज पुरे. आमचा बार संध्याकाळपर्यंत उरतोच कुठे?"

शेजाऱ्याला हे पटलं नाही. त्याची पद्धत शिस्तीची : बार भरला की चापाला चिठ्ठी बांधायची, मोसम संपला की मातीच्या बांधात तो उडवून टाकायचा. यंदा गॅरेज आवरताना फळीमागे त्याची जुनी, दुसरी बंदूक सापडली. गज घातला, तो भरलेल्या नळीच्या खुणेवरच अडला. चिठ्ठी जागेवर होती, अक्षर सुवाच्य होतं : "भरलेली, 27 डिसेंबर." साल लिहिलेलं नव्हतं.