छंदावर विरजण

गृहमद्यनिर्मिती, म्हणजे धान्य, फळे, गूळ किंवा मध घरच्या घरी आंबवून त्याचे पेय करण्याचा छंद, जगात जिथे जिथे मंडळे काढण्याइतका प्रतिष्ठित झाला आहे, तिथे तिथे त्या मंडळांना एक कोडे पडलेले असते: सभेला बायका का येत नाहीत? अहिल्यानगर जिल्ह्याला हे कोडे अद्याप पडलेले नाही, कारण 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते हौसेने केलेले असो वा पोटासाठी, आणि त्यामुळे येथे असे मंडळच निघू शकत नाही. तरीही ज्या जिल्ह्याला चौंडीत जन्मलेल्या एका स्त्री-राज्यकर्तीचे नाव 2024 मध्ये मिळाले, त्याने या प्रश्नाचा शास्त्रोक्त विचार आधीच करून ठेवावा हे उचित होय. मंडळ निघाल्यावर ऐनवेळी धावपळ नको.

या विषयावर पुरुषवर्गाने आजवर मांडलेली उपपत्ती थोडक्यात अशी की, आंबवणे हे चिकाटीचे, स्वच्छतेचे आणि सूक्ष्म निरीक्षणाचे काम असल्यामुळे ते बायकांना जमत नाही. ही उपपत्ती मांडणाऱ्यांच्या घरी सकाळी दही कोण लावते, याची नोंद कोणत्याही ग्रंथात आढळत नाही. किण्वन, म्हणजे यीस्टसारख्या सूक्ष्मजीवांनी साखर खाऊन तिचे मद्यार्क व कर्बवायूत रूपांतर करणे, आणि विरजण, म्हणजे तशाच दुसऱ्या सूक्ष्मजीवांनी दुधाला आंबट करणे, या दोन क्रिया सख्ख्या बहिणी आहेत. त्यांतल्या एकीला प्रयोगशाळा मिळाली व दुसरीला फडताळ, एवढाच फरक. उन्हाळ्यात याच नगर जिल्ह्यातल्या घराघरांत कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, त्याचे पाणी रोज बदलतात, वासावरून आणि दाणा चिमटीत दाबून तो कितपत आंबला ते ठरवतात, मग वाटून, गाळून, चीक निवळायला ठेवून वरचे पाणी अलगद ओततात. हेच काम दाढी राखलेल्या गृहस्थाने बार्लीवर केले, तर त्याला ‘संवेदी परीक्षण’ असे नाव पडते, त्यासाठी द्रवाची घनता मोजणारी काचेची नळी विकत आणावी लागते आणि त्याची छायाचित्रे काढली जातात. कुरडईचे छायाचित्र कोणी काढत नाही. ती तळून खातात, आणि यंदा जरा जास्तच आंबट झाली असे म्हणतात.

इतिहास पाहता बाई या क्षेत्रात आली नाही असे म्हणता येत नाही. ती येथून गेली कशी, एवढेच विचारता येते. सुमेरी लोकांची मद्याची देवता निनकासी ही स्त्री होती, आणि सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या संहितेत मद्यगृहाच्या चालकाचा उल्लेख स्त्रीलिंगी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक, याची कर्तव्ये सांगताना सुरा व किण्व यांसंबंधीचे किरकोळ काम स्त्रियांनी आणि मुलांनी करावे असे सुचवले आहे. शिवाय घरच्या कार्यप्रसंगी गृहस्थाने श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट करण्यास मुभा दिली आहे. थोडक्यात, गृहमद्यनिर्मितीचे मंडळ या भूमीवर फार पूर्वीच स्थापन झाले होते. कष्ट स्त्रियांकडे, परवानगी कुटुंबप्रमुखाच्या नावे आणि अध्यक्षपद शासकीय, ही त्याची घटनाही तेव्हाच ठरली होती. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकापर्यंत गावोगावची एल नावाची मदिरा बव्हंशी बायकाच घरी करून उरलेली विकत. ती दोन-चार दिवसांत नासे, त्यामुळे धंदा घराएवढाच राही. पुढे हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले घातलेली बिअर आली, जी टिकते, लांब पाठवता येते आणि म्हणून मोठी भांडी, मोठे भांडवल व व्यापाऱ्यांचे संघ मागते, आणि हळूहळू बाईच्या हातातला डाव संघाच्या हाती गेला. मद्य टिकू लागले तशी बाई टिकली नाही.

हाच सिद्धान्त नगर जिल्ह्याला लावून पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे 1950 मध्ये आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यापाठोपाठ जिल्हाभर धुराडी दिसू लागली. साखर काढल्यावर उरणारा काळा, दाट पाक म्हणजे मळी. ती टाक्यांत आंबवून, उकळून, वाफ थंड करून मद्यार्क मिळवण्याच्या जागेला आसवनी म्हणतात, आणि अनेक कारखान्यांच्या आवारात ती साखरेइतकीच जिव्हाळ्याने सांभाळली जाते. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरात 1933 मध्ये साखर कारखाना म्हणून सुरू झालेल्या उद्योगाची ब्रँडी दक्षिणेतल्या राज्यांत मोठ्या प्रमाणावर खपते. म्हणजे आंबवण्याच्या विद्येला हा जिल्हा परका मुळीच नाही. सहकाराच्या तत्त्वाप्रमाणे ऊस सर्वांचा, कारखाना सर्वांचा; उसात खुरपणारी बाईही सर्वांचीच. संचालक मंडळापुरते मात्र राज्यघटनेच्या 97 व्या दुरुस्तीने जास्तीत जास्त 21 संचालक आणि त्यांत महिलांसाठी 2 जागा असे प्रमाण सुचवले, आणि या 2 जागा भरताना सर्व गट एकमताने अत्यंत अनुभवी घराणी शोधतात, हे सहकाराच्या अभ्यासकांनी कौतुकाने नोंदवावे असे आहे.

कायद्याच्या पलीकडे एक दुसरी गृहमद्यनिर्मितीही आहे, जिला छंद म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही: हातभट्टी. गूळ, पाणी व नवसागर आंबवून जे मिश्रण तयार होते त्याला पोलिसी मराठीत ‘कच्चे रसायन’ म्हणतात, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ते कायम ‘जागीच नष्ट’ झालेले असते. या बातम्यांत स्त्रिया सापडतात, आणि सापडतात ते या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. शेतमजुरी नसलेल्या हंगामात भट्टीपाशी बसलेली विधवा ही या कलेतील खरी अनुभवी कारागीर असली, तरी तिला पहिल्या धारेच्या गुणवत्तेबद्दल परिसंवादात बोलावले गेल्याचे ऐकिवात नाही. तिला बोलावणे येते ते पंचनाम्यावर अंगठा उठवण्यासाठी. त्यातून एक व्याख्या हाती लागते. जे काम करताना फुरसत हाताशी असते, जागा स्वतःची असते आणि पकडले गेल्यास घरचे हसतात, तो छंद; जे करताना फुरसत नसते, जागा ओढ्याकाठची असते आणि पकडले गेल्यास लेकरे उपाशी राहतात, तो गुन्हा. अमेरिकेत 1978 मध्ये कायदा करून घरच्या बिअरला मुभा मिळाली, दोन प्रौढांच्या कुटुंबाला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. परंतु भांडी कोणी घासावीत, याबाबत त्या कायद्यात तरतूद नाही.

मद्याच्या व्यवहारात स्त्रियांचा संघटित सहभाग नगर जिल्ह्यात नाहीच, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी गावच्या भट्ट्या बंद केल्या तेव्हापासून हा जिल्हा दारूबंदीच्या नकाशावर आहे, आणि 1000 चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2022 मध्ये घेतला तेव्हा उपोषणाचा इशारा राळेगणातूनच आला होता. वाईन ही दारू नव्हे, असे त्या वेळी राजधानीत सांगितले गेले; ती द्राक्षाची कुरडई आहे, असे म्हणायचे तेवढे राहिले. बाईला या विषयात शासनाने दिलेला खरा अधिकार 2008 च्या आदेशाने आला. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या तर दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान होते, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात, आणि आडवी बाटली जिंकायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात, मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे. त्यामुळे त्या दिवशी जी खुरपायला गेली, बाळंत आहे किंवा जिला नवऱ्याने कोंडून ठेवले, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. आमदार निवडताना घरी बसलेल्या मतदाराला एवढा मान कोणी देत नाही.

फेब्रुवारी 2017 मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या तोंडावर, नगर तालुक्यातील पांगरमल येथे जेवणावळीत वाटलेल्या बनावट दारूने माणसे दगावली, आणि ती दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहात तयार होत असल्याचे तपासात पुढे आले. तेथे चव, रंग, बाटली, वाटप, सगळे व्यवस्थित जुळवले होते. निवडणुकीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव होत्या, आणि जेवणावळीनंतर गावातल्या बायकांच्या वाट्याला जे आले त्यासाठी आरक्षण लागले नाही. या एका प्रकरणावर उपहासाला जागा उरत नाही, म्हणून ते येथे केवळ नोंदवले आहे.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मात्र योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनी परवाना काढून मध आंबवण्याचा, म्हणजे मीड नावाचे पेय करण्याचा उद्योग उभा केला आहे. त्यावरून यीस्टला बाईच्या हाताचे वावडे नाही, एवढे प्रयोगाने सिद्ध झाले असे समजण्यास हरकत नसावी. उरतो तो परवाना, भांडवल, वेळ आणि सासूबाईंचा प्रश्न.

तेव्हा उद्या कायदा बदलला आणि नगर, संगमनेर वा कोपरगावात गृहमद्यनिर्मितीचे मंडळ निघालेच, तर प्रवर्तकांना एकच विनंती आहे: ‘महिलांचा अत्यल्प प्रतिसाद’ हा अहवाल लिहायला घेण्यापूर्वी सभेची वेळ संध्याकाळी सातची ठेवली होती का, ते तपासावे. त्या वेळी जिल्ह्यात चुलीवर तवा असतो, आणि सभेहून परतणाऱ्यांसाठीच भाकरी थापल्या जात असतात.